औषध तेच, गुणही तोच?

(वार्षिक सर्वसाधारण सभेतील मनोगत)



मावळातील वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या रुग्णाच्या हाती स्वस्त जेनेरिक गोळी पडली की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "ही त्या महागड्या गोळीइतकीच गुणकारी आहे ना?" औषधखरेदीत आपल्या देणगीचा पैसा खर्च होतो, म्हणून याचे उत्तर देणे आम्ही कर्तव्य मानतो.

या तुलनेस जैवसमतुल्यता चाचणी म्हणतात. एकाच स्वयंसेवकास दोन्ही औषधे वेगवेगळ्या वेळी देऊन रक्तात उतरणारे प्रमाण मोजले जाते. दोहोंच्या सरासरींचे गुणोत्तर, मोजणीतील अनिश्चिततेसह (९० टक्के विश्वासांतर), ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावे लागते.

परंतु रक्तदाबावरील व्हेरापामिलसारखी काही औषधे एकाच माणसाच्या रक्तात आज एक, तर उद्या वेगळेच प्रमाण दाखवितात. लोणावळा व तळेगाव यांच्या पावसात फरक असतो, तसा लोणावळ्याच्या कालच्या व आजच्या पावसातही असतो. पहिला फरक व्यक्तीव्यक्तींमधला, दुसरा एकाच व्यक्तीतला. हा दुसरा फरक ३० टक्के वा अधिक असल्यास औषध अतिपरिवर्तनशील मानले जाते. अशा वेळी स्वयंसेवक थोडे असतील तर चांगले औषधही चाचणीत अनुत्तीर्ण होऊ शकते.

यावर उपाय म्हणजे मूळ औषधच त्याच व्यक्तीस दोनदा देणे. ते स्वतःशीच किती जुळते, हे त्यातून कळते. युरोपीय नियामकांच्या २०१० च्या सूचनांनुसार, हा फरक सिद्ध झाल्यास रक्तातील सर्वोच्च पातळीसाठी मर्यादा फार तर ६९.८४ ते १४३.१९ टक्क्यांपर्यंत रुंदावता येते. मात्र सरासरींचे गुणोत्तर ८० ते १२५ च्या आतच असावे लागते.

भारतात एप्रिल २०१७ मध्ये, पाण्यात सहज न विरघळणाऱ्या वर्गांतील औषधांच्या परवान्यासाठी जैवसमतुल्यतेचा पुरावा बंधनकारक झाला. म्हणून खरेदीत केवळ दरपत्रक न पाहता चाचणी अहवालही मागावा, अशी आमची भूमिका आहे.

नातेवाइकांना नम्र विनंती, की गोळी बदलल्यावर जाणवलेला प्रत्येक फरक स्वस्त गोळीचा दोष समजू नये. परंतु तो डॉक्टरांना अवश्य सांगावा. अपस्माराच्या फेनिटॉइनसारख्या औषधाची कंपनी तर त्यांच्या सल्ल्याविना बदलूच नये.

आपला विश्वास हीच आमची ठेव आहे.