त्याचे चांगले सामने शनिवारीच का व्हायचे?

(रत्नागिरीत महाविद्यालयीन खेळाडूंसमोर केलेल्या भाषणातून)



मी कॉलेजच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. माझ्याकडे एक मुलगा होता. हात असा की बॉल सुटला की बघायचं नाही, बास्केट झालीच. पण एका सामन्यात २४ गुण, तर पुढच्यात ४. प्रॅक्टिसला कधी यायचा, कधी नाही. मी सगळ्यांसमोर झापलं, दोन सामने बाकावर बसवलं. तो यायचाच बंद झाला. मला वाटलं, मस्ती आहे अंगात.

मग एका संध्याकाळी सहज स्कोअरबुक चाळत होतो. त्याचे चांगले सामने जवळजवळ सगळे शनिवारचे! घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. पोरगा रात्री वडिलांबरोबर बोटीवर जायचा, पहाटे मासळी उतरवून थेट मैदानावर. जुम्म्याला बोट निघत नाही, म्हणून शनिवारी तो झोपून आलेला असायचा. एवढी साधी गोष्ट मी त्याला वर्षभर विचारली नव्हती.

आपल्या झहीर खानचंच बघा. श्रीरामपूरचा मुलगा, मुंबईत सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घडला. डावखुरा, वेगवान, सगळं होतं. पण २००३ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. मग दुखापती, कधी आत कधी बाहेर, शेवटी संघातून वगळलं. २००६ मध्ये तो इंग्लंडला वुस्टरशायरकडून खेळायला गेला. तिथं चार-चार दिवसांचे सामने, एकामागून एक. बाकावर बसून नव्हे, षटकांमागून षटकं टाकून तो सुधारला. रनअप कमी केला. त्या मोसमात काउंटी चॅम्पियनशिपमध्ये ७८ बळी घेतले. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत ९ बळी, आणि २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१. त्या फायनलमधला त्याचा पहिला स्पेल आठवतोय? ५ षटकं, त्यातली ३ निर्धाव, फक्त ६ धावा. २००३ ची फायनल खेळलेला हाच माणूस!

रनअप कमी करणं म्हणजे काय? रोज जमेल तेवढंच ठेवणं. माझ्या पोराचंही तेच केलं. आधी त्याची माफी मागितली. (सोपं नव्हतं. आम्हा मास्तरांना सवय नसते.) मग सकाळची प्रॅक्टिस त्याच्यापुरती संध्याकाळी नेली. दोन तासांऐवजी पाऊण तास, पण रोज. रोज ५० फ्री थ्रो, आणि किती पडले ते त्यानंच वहीत लिहायचं. मी ओरडायचो नाही, वही बघायचो. वडिलांशीही बोललो. सामन्याच्या आदल्या रात्री चुलतभाऊ बोटीवर जाईल असं ठरलं.

बाकीची मुलं कुरकुरली, "सर, त्यालाच वेगळा नियम?" मी म्हटलं, रात्रभर जाळं ओढून या, तुम्हालाही देतो.

तो अजूनही एखाद्या दिवशी ४ गुणांवर अडकतो. पण आता आदल्या दिवशीच फोन करून सांगतो, "सर, आज झोप नाही झाली, मला दुसऱ्या हाफला उतरवा."