मेंढीची चोरी आणि समुद्रापारची शिक्षा

(आजरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आयर्लंडमधल्या मेंढीचोरांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केले गेले, ही हकीकत हिरण्यकेशीच्या काठी बसून ऐकण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न रास्त आहे. प्रयोजन एवढेच की, ज्या राज्यकर्त्यांनी ती शिक्षा तिकडे चालवली त्यांनीच ती आपल्याकडेही चालवली, आणि तिचा एक धागा आपल्या तालुक्यातील वाड्यावस्त्यांपर्यंत आजही येऊन पोहोचलेला आहे.

प्रथम आयर्लंडचे पाहू. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात त्या देशातील बहुतेक जमीन जमीनदारांच्या हाती होती. त्यांतले पुष्कळसे इंग्लंडमध्ये राहून खंड वसूल करीत. कूळ धान्य पिकवी ते खंड भरण्यासाठी आणि स्वतः जगे ते बटाट्यावर. इंग्लंडच्या कायद्यात १८३२ पर्यंत मेंढी चोरणाऱ्याला फाशी सांगितलेली होती. प्रत्यक्षात पुष्कळांची फाशी माफ होई आणि तिच्या जागी समुद्रापार रवानगी होई. अमेरिकेतील वसाहती हातच्या गेल्यावर १७८८ पासून ही माणसे ऑस्ट्रेलियाकडे वळवण्यात आली. १८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० कैदी तिकडे गेले. त्यांपैकी सुमारे ४०,००० थेट आयर्लंडच्या बंदरांतून. शिक्षा सात वर्षांची, चौदा वर्षांची किंवा जन्माची असे. परंतु मुदत संपल्यावर परतीचे भाडे कोण देणार? सात वर्षांची शिक्षाही गरिबाला बहुधा जन्माचीच ठरे.

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि साथी यांनी मेली व त्याहूनही अधिक देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि गुरे इंग्लंडला निर्यात होत होती, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी मेंढ्यांच्या आणि गाईंच्या चोऱ्या एकदम वाढल्या यात नवल ते काय? तुरुंगात निदान अन्न मिळते आणि जहाज निदान दुष्काळातून बाहेर नेते, म्हणून जाणूनबुजून गुन्हा करणारेही त्या काळात निघाले. शिक्षा हीच जेथे सुटका वाटू लागते, त्या समाजव्यवस्थेचा निवाडा आणखी कोणी करायचा?

लंडनच्या तिजोरी खात्यातून त्या दुष्काळाचे मदतकार्य पाहणारा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन. सरकारी मदतीने लोक आळशी होतात आणि व्यापारात सरकारने हात घालू नये, ही त्याची श्रद्धा. तोच गृहस्थ १८५९ साली मद्रासचा गव्हर्नर झाला. माणसे बदलतात, खाती बदलतात. धोरण मात्र जहाजात बसून पुढच्या बंदराला लागते.

आता आपल्याकडे येऊ. काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंदमानचे कारागृह आणि तेथील राजबंदी उभे राहतात. त्यांचा त्याग मोठा आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु अंदमानची वसाहत १८५८ सालची, आणि तिच्याही आधी कित्येक दशके मुंबई, बंगाल व मद्रास इलाख्यांतील कैदी पिनांग, मलाक्का, सिंगापूर आणि मॉरिशस येथे धाडले जात होते. चार्ल्स डार्विन १८३६ साली मॉरिशसला उतरला तेव्हा तेथे हिंदुस्थानातील सुमारे ८०० जन्मकैदी सार्वजनिक कामांवर राबत असल्याचे त्याने नोंदवले आहे. सिंगापूरचे रस्ते, तेथील मोठे चर्च आणि गव्हर्नरचा वाडा हिंदी कैद्यांच्या श्रमांवर उभा राहिला. उलट दिशेनेही हा व्यवहार चाले. महाबळेश्वरला १८३४ साली बांधलेल्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते, आणि तेथील भाजीपाल्याच्या बागा त्यांच्या हातांनी फुलल्या. चीनचा माणूस सह्याद्रीवर आणि सह्याद्रीचा माणूस मलायात! समुद्र ओलांडला की हिंदू माणसाची जात जाते, म्हणून ही शिक्षा त्याला अधिक भिववील, असा हिशेब अधिकारी मांडीत. धाक आणि फुकट मजूर, दोन्ही गोष्टी एकाच जहाजातून साधत होत्या.

आणि ज्या भूमीवर हे कैदी उतरवले गेले ती ओसाड नव्हती. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या, अंदमानातील आदिवासी जमाती रोगांनी आणि बंदुकीने झिजून मूठभर उरल्या. एका भुकेल्याला हाकलून दुसऱ्या निर्धनाच्या उरावर बसवण्याची ही रीत होती.

१८६० च्या दंडसंहितेने याला नीटस कायदेशीर रूप दिले. साध्या चोरीला तीन वर्षांची कैद. परंतु पाच माणसांनी मिळून जबरीने कळप हाकलून नेला की तो दरोडा, आणि दरोड्याला जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा. त्याहून महत्त्वाचे ७५ वे कलम. एकदा चोरीत शिक्षा झालेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला, तर त्याला जन्मठेप काळ्या पाण्यावर पाठवता येत असे. दुसऱ्या वेळी चोरलेली वस्तू बैल आहे की शेळी, हा प्रश्नच नव्हता. शिक्षा वस्तूच्या मोलावर न ठरता माणसाच्या पूर्वेतिहासावर ठरणार होती.

हा कायदा झाल्यावर सोळा वर्षांनी दख्खनमध्ये १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. सोलापूर-कलादगीकडे माणसे व गुरे तडफडत असताना देशातून धान्याची निर्यात चालूच होती, आणि रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरील मजुराचे दिवसाचे धान्य सुमारे एका पौंडावर आणून ठेवले होते. सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी तेव्हा जे हिंडून पाहिले व सरकारला कळवले, ते आजच्या कार्यकर्त्यालाही धडा घेण्यासारखे आहे. याच दुष्काळाने वासुदेव बळवंत फडके पेटून उठले. १८७९ साली त्यांच्याबरोबर उभे राहिले ते मुख्यतः रामोशी, कोळी आणि धनगर. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा देऊन एडनला नेण्यात आले. तेथेच १८८३ साली त्यांचा अंत झाला. त्यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांच्या बरोबरीच्या रामोशांच्या वाट्याला मात्र दरोडेखोर ही पदवी आली आणि त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला हजेरी.

ही हजेरी कोठून आली? १८७१ या एका सालात दोन कायदे झाले. एक गुरांच्या अतिक्रमणाचा, ज्याने गावोगावच्या कोंडवाड्यांना कायद्याची चौकट दिली. आणि दुसरा गुन्हेगार जमातींचा, ज्याने माणसांचे कोंडवाडे उभारले. पहिल्या कायद्याने स्वतःचे जनावर कोंडवाड्यातून जबरीने सोडवून नेणे हाही गुन्हा ठरला. दुसऱ्याने जन्म हाच गुन्हा ठरवला. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यात आला आणि सोलापूर, हुबळी, गदग येथे सेटलमेंटी उभ्या राहिल्या. समुद्रापार नेण्याचा खर्च वाचला. समुद्राचे काम काटेरी तारेने केले.

ज्यांची नावे अशा याद्यांत चढली ते कोण होते? रामोशी आणि बेरड हे एकेकाळी गावाची व गडाची राखण करणारे. आपल्या शेजारच्या सामानगडच्या आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी १८४४ साली बंड केले, ते गडाच्या चाकरीबरोबर चालत आलेल्या जमिनी हातच्या जाणार या भीतीने. इंग्रज फौजेने ते मोडून काढले. राखणदाराची जमीन आणि चाकरी गेली की त्याच्यावरच पहारा बसतो, हा सगळीकडचा अनुभव आहे. या अंधारात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात या जमातींची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना विश्वासाने काम व निवारा दिला. ज्याला चोर म्हणता त्याला पहारेकरी नेमा, हे त्यांचे उत्तर होते, आणि ते खरे ठरले.

यावर कोणी म्हणेल, ज्याचा बैल गेला त्याचे काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. आयर्लंडमध्येही कित्येकदा चोरलेली मेंढी लहान शेतकऱ्याचीच असे. आपल्याकडे पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर घर बसते. दुभती म्हैस गेली तर डेअरीचा हप्ता आणि मुलांची फी दोन्ही थांबतात. चोरीचे गोडवे गाणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. परंतु त्या शेतकऱ्याला त्या शिक्षेने काय मिळाले, हे विचारणे आपले काम आहे. मेंढीचोर जहाजावर चढला तेव्हा मेंढीवाल्याचा खंड कमी झाला नाही. आपल्याकडे कलमे कडक झाली म्हणून बैलवाल्याचे कर्ज फिटले नाही. दोघेही गरीबच राहिले, फक्त एकमेकांचे वैरी झाले. सत्ताधाऱ्यांना याहून सोयीचे दुसरे काय असणार?

हे सारे इतिहासजमा झाले, असे समजू नका. काळ्या पाण्याची शिक्षा कायद्यातून १९५५ च्या दुरुस्तीने गेली आणि तिच्या जागी जन्मठेपेची कैद आली. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय कायम राहिला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १३ व्या कलमात ते जुने ७५ वे कलम जवळजवळ जसेच्या तसे बसलेले आहे; दुसऱ्या वेळी सापडलेल्या चोराला आजही जन्मठेप सांगता येते. नव्या संहितेत पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे, ही गोष्ट चांगली. परंतु पाच हजारांत म्हैस येत नाही, हे येथे बसलेल्या कोणालाही सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमांतील जातिभेद घटनाविरोधी ठरवला आणि विमुक्त जमातींना सराईत मानणारे उल्लेखही रद्द केले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षे ते नियमांत होते! आजही देशाच्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघांचा गुन्हा शाबीत व्हायचा आहे. जामिनाला उभा राहणारा नाही, म्हणून आत राहिलेल्या गरिबाला समुद्र ओलांडावा लागत नाही. जिल्ह्याचा तुरुंग त्याला तितकाच दूर असतो.

म्हणून कार्यकर्त्यांकडे माझे मागणे साधे आहे. पुढल्या वेळी आपल्या भागात एखाद्याचे जनावर चोरीला जाईल, तेव्हा दोन घरी जा. प्रथम ज्याचे जनावर गेले त्याच्या घरी. त्याचा पंचनामा, विम्याची रक्कम, बँकेच्या हप्त्याची सवलत यांसाठी त्याच्याबरोबर तहसील कचेरीची पायरी चढा. आणि मग त्या वस्तीत जा जिथे पोलिसांची गाडी पुराव्याआधी पोहोचलेली असेल. उचललेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे केले की नाही ते पाहा, मोफत कायदेशीर मदतीचा अर्ज स्वतः लिहून द्या, जामीन उभा करा. वस्तीत जातीचा दाखला आणि रेशनकार्ड कोणाकोणाकडे नाही, याची यादी करा. पूर्वी त्यांच्या नावांच्या याद्या हजेरीसाठी झाल्या. आपली यादी हक्कासाठी होऊ द्या.

ही दोन घरे एका सभेत शेजारी बसली, तर आपल्या तालुक्यापुरते तरी ते जहाज परतले असे म्हणता येईल.