तक्रारीचा क्रमांक



गोंदिया जिल्ह्यात सॉफ्टवेअर घडवणारे हात थोडे, पण ज्यांना ते वापरल्यावाचून गत्यंतर नाही अशी माणसे गावोगाव आहेत. तलाठी, अंगणवाडी सेविका, सेवा केंद्र चालवणारी मुले, आधारभूत खरेदी केंद्रावर धानाची नोंदणी करणारे कर्मचारी. (तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. देवरीच्या बाजारात ते रुळायला वेळ लागेल.) त्यामुळे या व्यासपीठावरून नव्या तंत्रज्ञानाचे गोडवे गाण्याऐवजी मी एकच प्रश्न मांडणार आहे: वापरणाऱ्याने सांगितलेल्या अडचणीचे पुढे होते काय? आपल्या व्यवसायाने स्वतःच्या अडचणींसाठी फार चांगली शिस्त बसवली, मात्र वापरणाऱ्यांच्या वाट्याला ती येऊ दिली नाही. सरकारी ॲपांवरच्या रागाचा मोठा भाग या उणिवेतून येतो, असे माझे मत आहे.

ही शिस्त सर्वांच्या परिचयाची आहे. दोष नोंदवण्याचे साधन म्हणून मोझिलाचे बगझिला 1998 मध्ये आले, पुढे ट्रॅक आले, आणखीही साधने आली. सगळ्यांचा गाभा एकच. प्रत्येक दोषाला क्रमांक मिळतो, तो कोणाकडे सोपवला ते दिसते आणि तो बंद करताना कारण लिहावे लागते: दुरुस्त झाला, आधीच नोंदलेला आहे, किंवा दुरुस्त करणार नाही. यातले ट्रॅकचे उदाहरण आजच्या विषयाला अगदी लागू पडते. त्याची व्यवस्थापनाची बाजू सुरुवातीला सर्व्हरवरच्या आज्ञावलीत आणि एका सेटिंगच्या फाइलीत अडकलेली होती. प्रकल्पाचा नवा टप्पा किंवा नवा घटक जोडायचा, तरी सर्व्हरपर्यंत हात पोहोचणारा माणूस गाठावा लागे. मग वेबॲडमिन नावाची जोडणी निघाली आणि तीच कामे ब्राउझरमधून होऊ लागली. 2008 च्या 0.11 आवृत्तीत ती मूळ ट्रॅकमध्येच सामावून घेतली गेली. ट्रॅकच्या स्वतःच्या तक्रारीही ट्रॅकमध्येच, सर्वांना दिसतील अशा नोंदवल्या जात. तक्रार करणारे स्वतःच प्रोग्रामर होते, म्हणून त्यांना क्रमांकही मिळाला आणि पुढे सेटिंगची किल्लीही मिळाली.

आता आपल्या बांधीकडे येऊ. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली आणि पेऱ्याची नोंद करण्याचे काम तलाठ्याच्या वहीतून शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. पहिल्या हंगामात अडचणी निघाल्या, त्यात नवल नाही. 2022 च्या दुसऱ्या आवृत्तीतले बदल मात्र लक्ष देऊन पाहण्याजोगे आहेत. केलेली नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली, मिश्र पिकांची सोय आली, जमिनीच्या गटाचा मध्यबिंदू धरून शेतकरी शेतापासून किती दूर आहे ते कळू लागले आणि आधारभूत किमतीच्या योजनेसाठी संमती तिथेच देता येऊ लागली. 48 तासांची मुभा कार्यालयात बसून सुचण्यासारखी नाही. चुकून भलतेच पीक निवडून अडकलेल्या माणसांची ओरड वरपर्यंत पोहोचली असणार. म्हणजे ऐकले गेले, हे मान्य करायला हवे. याच आवृत्तीत ॲपविषयी अभिप्राय आणि मानांकन देण्याची सोयही आली, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. चांदण्या देणाऱ्याला राग किंवा समाधान दाखवता येते. सालेकसा तालुक्यात एका गटात चार खातेदार आहेत, त्यातल्या शेवटच्याची बांधी मध्यबिंदूपासून दूर कोपऱ्यात आहे, हे तो पाचांपैकी दोन चांदण्यांत कसे सांगणार? आपल्याकडे धुऱ्यावर तूर असते. उभ्या धानातच लाखोळी फेकली जाते, म्हणजे खरिपाचे पीक उभे असतानाच रब्बीचे उगवलेले असते. हे पुण्यातल्या रचनाकाराला ठाऊक नसेल तर त्याचा दोष नाही. ते त्याच्या टेबलापर्यंत पोहोचायला वाट नसेल, तर तो व्यवस्थेचा दोष आहे. शिवाय इथे नोंद हुकण्याची किंमत मोठी आहे. आधारभूत केंद्रावरच्या नोंदणीसाठी सातबाऱ्यावर धानाचा पेरा लागतो, आणि 2024-25 च्या खरिपात हेक्टरी 20,000 रुपयांची, 2 हेक्टरपर्यंतची प्रोत्साहन रक्कमही नोंदणीवरच अवलंबून होती.

वाट नसली की काय होते, तेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. त्यांनी भरायचे पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, फोनची मेमरी तुटपुंजी, दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या मानधनातून. यातली प्रत्येक गोष्ट साधी, नोंदवण्याजोगी आणि बहुतांशी दुरुस्त करण्याजोगी होती. आपल्या कुठल्याही प्रकल्पात हे तीन स्वतंत्र दोष म्हणून तीन टेबलांवर गेले असते. तिथे ते एकवटून आंदोलन झाले.

म्हणून वापरणाऱ्यांच्या तक्रारींनाही क्रमांक मिळावा आणि सेटिंगची काही किल्ली तालुक्यापर्यंत यावी, असे माझे म्हणणे आहे. यावर पहिला आक्षेप संख्येचा घेतला जातो. वापरणारे लाखो, त्यांच्या तक्रारी त्याच त्या, कोण वाचणार? पण तीच तक्रार पुन्हा येणे हा कचरा नसून मोजमाप आहे. बगझिलात दुबार नोंद मूळ नोंदीला जोडली जाते आणि मूळ नोंदीचे वजन तेवढे वाढते. दुसरे म्हणणे असे की तलाठ्यांचे व्हॉट्सॲप गट आहेतच. आहेत, आणि तिथे उत्तरही चटकन मिळते. पण तीन दिवसांनी ती अडचण शोधून दाखवा! गटावरची अडचण वाहून जाते, तिचा निकाल लागत नाही. तिसरी शंका भाषेची. झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलणारा माणूस अडचण प्रमाण मराठीत लिहील कशी? त्याने लिहू नये, बोलावे. ध्वनिमुद्रण जोडणे हे आज साध्या स्मार्टफोनवरही होते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. सेटिंगची किल्ली तालुक्याला दिली तर गैरप्रकार होतील, शेतापासूनच्या अंतराची अट सैल करून घरबसल्या खोटे पेरे चढवले जातील. ही भीती खरी आहे. अंतराची अट मुळात त्याचसाठी आली, आणि सातबाऱ्यावरची नोंद सैल हातात देण्याची गोष्ट नाही. म्हणून नोंद बदलण्याचा अधिकार आणि मांडणी बदलण्याचा अधिकार वेगळे ठेवावे लागतील. पिकांच्या यादीत लाखोळी वर आणणे, मदतीचा मजकूर स्थानिक शब्दांत लिहिणे, जंगलपट्टीतल्या गावांसाठी मुदतवाढीचा प्रस्ताव वर पाठवणे, यात फसवणुकीला फारशी जागा नाही. अंतराची मर्यादा मात्र तालुक्याने बदलू नये, फक्त बदल मागावा. ती मागणी आणि तिचे उत्तर सर्वांना दिसावे. नकार मिळाला तरी चालेल, त्याचे कारण लिहिलेले असावे. कारणासह आलेला नकार तलाठी शेतकऱ्याला समजावून सांगू शकतो. आज तो फक्त 'सर्व्हर डाऊन' म्हणून वेळ मारून नेतो, त्यालाही दुसरे काही सांगितलेले नसते.

या संमेलनाने ठराव करायचाच असेल, तर तो शासनाकडे बोट दाखवणारा नसावा. आपल्यापैकी कित्येकांना मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी दोषनोंद आठवड्याभरात उभी करता येते. येत्या खरिपात रोवणीआधी एका तालुक्यापुरती ती उभी करू. माझी पसंती अर्जुनी मोरगावला आहे, कारण तिथे इटियाडोहच्या पाण्यावरची शेती आणि जंगलाला लागलेली गावे दोन्ही आहेत. तलाठी आणि केंद्रचालक त्यात अडचणी टाकतील, दुबार नोंदी आपण जोडू, आणि हंगाम संपल्यावर क्रमांकांसह ती यादी जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयात देऊ. ही रोजची छाननी करायला दोन माणसे लागतील. त्यांची नावे आज दुपारच्या सत्रात ठरावीत.