पाव : एक शब्द, तीन कुळे



आज आपल्याला एका अगदी लहान शब्दाची कुळकथा पाहायची आहे. हा शब्द तुमच्या-माझ्या तोंडी रोज येतो. बाजारात गेलो की आपण म्हणतो, "पाव किलो मिरची द्या." चहाच्या टपरीवर म्हणतो, "दोन पाव द्या." आणि अडलेले काम एकाएकी मार्गी लागले की म्हणतो, "देव पावला!" कानाला तिन्ही ठिकाणी 'पाव' ऐकू येतो. पण गावात एकाच नावाची तीन माणसे असावीत आणि त्यांचे नातेगोते काहीच नसावे, तसाच हा प्रकार आहे.

पहिला पाव मापाचा. तो संस्कृत 'पाद' या शब्दापासून आला. पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार; तेव्हा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. पादासहित ते 'सपाद', त्याचा झाला सव्वा. पाद उणा तो 'पादोन', त्याचा झाला पाऊण. पावशेर आणि पावली ही याच घरची लेकरे. या पादाचे भाऊबंद युरोपातही आहेत. पायाला लॅटिनमध्ये 'पेस', पोर्तुगीजमध्ये 'पे' आणि इंग्रजीत 'फूट' म्हणतात, ते याच कुळातले. सायकलचे 'पेडल' लॅटिन 'पेस'पासूनच निघाले. म्हणजे पेडलवर पाय ठेवला की दोन चुलतभावांची भेट होते म्हणा ना!

दुसरा पाव देवाचा. तो 'पावणे' या क्रियापदातला, आणि त्याचे मूळ संस्कृत 'प्राप्' म्हणजे मिळणे, पोहोचणे यात आहे. पैसे पोहोचल्याची खूण म्हणून आपण जी 'पावती' घेतो, ती याच घरची.

आता तिसरा पाव, खाण्याचा. हा मात्र समुद्रावरून आला. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला, 1534 साली वसई त्यांच्या ताब्यात गेली. भट्टीत भाजलेल्या फुगीर भाकरीला ते आपल्या भाषेत नाकात बोलून 'पाँव' म्हणत. आपण त्यातला अनुनासिक टाकला आणि पदार्थ तेवढा ठेवला. या शब्दाचे मूळ लॅटिन 'पानिस'. त्याचेच इटलीत 'पाने' झाले, स्पेनमध्ये 'पान' झाले, फ्रान्समध्ये 'पॅं' झाले. पोर्तुगीज 1543 साली जपानात पोहोचले आणि तेथेही हा शब्द रुजला. जपानी माणूस आजही पावाला 'पान' म्हणतो. आपला एखादा पानाचा शौकीन तेथे पान मागू लागला, तर त्याच्या हाती पाव पडेल!

येथे एक गोष्ट जरा नेटाने सांगायला हवी. पाव पायाने मळतात म्हणून त्याला 'पाव' म्हणतात, असे आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. कधी कधी वर्गातही ते सांगितले जाते. ऐकायला ते पटते, कारण हिंदीत पायाला 'पाँव' म्हणतात. पण विचार करून पाहा. हे नाव पोर्तुगीजांनी आपल्या देशातून आणले. त्यांच्या भाषेत पायाला 'पे' म्हणतात, 'पाँव' नव्हे. मग पायावरून त्यांनी भाकरीचे नाव कसे ठेवले असेल? एखाद्या जुन्या भट्टीत पीठ पायाने तुडवले गेलेही असेल. पण नाव काही त्यावरून पडलेले नाही. पीठ कसे मळतात हे भट्टीवर जाऊन पाहावे, नावावरून ठरवू नये.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचे एवढे काय? गोष्ट एवढीशी नाही. पाव खाल्ला की धर्म बुडाला, असे मानण्याचा एक काळ होता. परक्याच्या हातचे अन्न अशुद्ध, ही समजूत आधीपासून मनात होती. शब्दाच्या या खोट्या उत्पत्तीने तिला खतपाणी मिळाले. रात्रभर भट्टीपुढे राबणाऱ्या माणसाच्या कष्टाला विनाकारण किळस चिकटली. चुकीचा अर्थ कधी कधी असा माणसांना लागतो.

आता या शब्दाचे एक खरे नाते सांगतो. नाशिकचे अंबड एकेकाळी शेतीचे गाव होते. आज ते औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. आसपासच्या खेड्यांतल्या तरुणाला विचारा, "काय करतोस बाबा?" तो म्हणतो, "अंबडला कंपनीत आहे." हा 'कंपनी' शब्द आपल्याला इंग्रजांकडून मिळाला. 1600 साली स्थापन झालेली त्यांची ईस्ट इंडिया कंपनी पुढे आपल्यावर राज्य करू लागली, तेव्हा लोक 'कंपनी सरकार' म्हणू लागले. पण शब्दाच्या पोटात शिरून पाहिले तर काय दिसते? लॅटिन 'कोम' म्हणजे सह, आणि 'पानिस' म्हणजे पाव. दोन्ही मिळून 'कोंपानियो' : एका पावाचे वाटेकरी, अर्थात सोबती. त्यावरून सोबत्यांचा मेळा ती कंपनी. आपल्याकडे एका ताटात जेवणारे म्हणतात, तसेच हे.

म्हणजे पाहा, पाव किलोतला 'पाव' आणि खायचा 'पाव' यांचा चेहरा एक, पण नाते नाही. उलट 'पाव' आणि 'कंपनी' यांचा चेहरा निराळा, पण रक्त एक. शब्दांचे असते तसेच माणसांचेही असते. नुसत्या तोंडावळ्यावरून आपला कोण आणि परका कोण, हे कळत नाही.

शिक्षक मित्रांनी हे तीन पाव एकदा फळ्यावर लिहावेत आणि मुलांना त्यांची घरे शोधायला लावावीत. सव्वा, पाऊण, पावती हे शब्द मुले आपणहून सांगतील. आणि जे आमचे श्रोते कंपनीत जातात, त्यांना एवढेच सांगेन : जेवणाच्या सुट्टीत कायम कोण, कंत्राटी कोण, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे न पाहता डबे एकत्र उघडले, तर तो शब्द आपल्या अर्थाला जागला. तसे न झाले, तर फाटकावरच्या पाटीवर कंपनी उरते; सोबत मात्र उरत नाही.