लाकडी फरशी घ्यायची तर आधी कड पाहा

या महिन्यात आपल्या दोन-तीन गटांच्या बैठकांत एकच विषय निघाला. घरात लाकडी फरशी बसवायची आहे, अंतर्गत कर्ज मिळेल का? मालिकांतल्या घरांत ती दिसते, तालुक्याच्या दुकानात नमुने मांडलेले असतात, मन होतंच. हौस करूच नये असं आम्ही म्हणणार नाही. पण बचतीतून कर्ज काढायचं तर आपण नक्की काय विकत घेतोय ते कळायला हवं.

दुकानात 'वूडन फ्लोअरिंग' या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू दाखवतात. वरून सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून नमुना हातात घ्या, उलटा करा आणि त्याची कापलेली कड पाहा. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवूडसारखे आडवे-उभे थर दिसले, तर ते इंजिनिअर्ड वूड. पावसाळ्यात जुना दरवाजा फुगून चौकटीत अडकतो ना? लाकूड रुंदीकडे फुगतं. थर आडवे-उभे चिकटवले की ते एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे अखंड फळीपेक्षा ही फळी कमी हलते. वरचा थर किती मिलिमीटरचा आहे ते विचारा. तीन-चार मिलिमीटर असेल तर पुढे एखाद-दोनदा घासून पॉलिश करता येतं, अगदी कागदासारखा असेल तर नाही.

कडेला दाबलेल्या भुशाचा एकसारखा पत्रा दिसला, तर ते लॅमिनेट. त्यावरचं लाकूड म्हणजे छापलेलं चित्र. सांध्यात पाणी मुरलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. वाकणारी असेल ती विनाइल, म्हणजे प्लॅस्टिक. आणि चौथी, लाकडाची नक्षी छापलेली टाइल.

आता आपल्या घराचा विचार करा. सणाला आपण बादलीभर पाणी ओतून घर धुतो. धान्याची पोती ओढतो, अंगणातली माती पायाबरोबर आत येते. इंजिनिअर्ड वूडला हे काही चालत नाही. घट्ट पिळलेल्या फडक्यानेच पुसावं लागतं, सांडलेलं पाणी लगेच टिपावं लागतं. हे पुसणं कोण करणार, हे फरशी पसंत करणाऱ्यांनी आधी सांगावं!

जमिनीतून ओल येते का, हे घरीच तपासता येतं. दीड-दोन फुटांचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक-दोन दिवसांनी उचला. खाली दव जमलं असेल किंवा कोबा काळपट झाला असेल, तर तिथे लाकूड नको. वाळवी लागलेल्या घरात तर आधी वाळवीचा बंदोबस्त, मग बाकीचं.

आमचं मत विचाराल तर स्वयंपाकघर, मोरी आणि तळमजल्यावरची ओल धरणारी खोली यांत लाकूड घालूच नये. स्लॅबवरच्या माडीतल्या कोरड्या खोलीत खुशाल घाला. खाली लाकडाचाच रंग हवा असेल, तर लाकडी नक्षीची व्हिट्रिफाइड टाइल बरी. ती पाणी जवळजवळ पीतच नाही. फक्त चकचकीत नको, मॅट घ्या. घरात म्हातारी माणसं असतात, ओल्या फरशीवर पाय सटकतो.

दुकानदार चौरस फुटाचा भाव सांगतो तो नुसत्या फळीचा असतो. खालचा फोम, भिंतीकडेची पट्टी, उंबऱ्याची पट्टी, मजुरी, जीएसटी, सगळं धरून लेखी अंदाज मागा आणि तोच कर्जाच्या अर्जाला जोडा. १० बाय १२ ची खोली १२० चौरस फुटांची. कापण्यात जाणारे १० टक्के धरले की १३२ लागतात. बसवण्याआधी दोन दिवस पेट्या त्याच खोलीत ठेवायला सांगा. भिंतीलगत साधारण एक सेंटिमीटर फट सोडतात, ती पट्टीखाली झाकली जाते. ती सोडली नाही तर पावसाळ्यात फळ्या उचलतात. आणि उरलेल्या फळ्या परत देऊ नका, माळ्यावर ठेवा. चार वर्षांनी एखादी बदलायची वेळ आली, तर नेमका तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही.