थेट दुसऱ्या वर्षाचे दार

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या जिल्ह्यात खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या दोहोंना जोडणाऱ्या वाटेविषयी मला बोलायचे आहे.

दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि तिच्या बळावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे आणखी तीन वर्षे. बारावी करून चार वर्षांची पदवी घेणाऱ्यालाही दहावीनंतर सहाच वर्षे लागतात. मग फरक कशाचा? अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी म्हणेन, जोखमीचा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी हंगाम बुडाला की मुलाचे शिक्षण थांबते. तिसऱ्या वर्षाअखेर थांबावे लागले, तर एकाच्या हाती रोजगाराला उपयोगी असे फारसे काही नसते. दुसऱ्याच्या हाती कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठीची पात्रता असते. तरीही पदविकेला आपण दुय्यम लेखतो.

मात्र या दाराचा उंबरठा उंच आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित या मुलांचे पूर्ण झालेले नसते आणि पुढचे सारे त्यावरच उभे असते. प्रवेशप्रक्रिया लांबली, तर वर्गही आधीच सुरू झालेले असतात. मुलगा नापास झाला की दोष मात्र त्याच्या बुद्धीला दिला जातो.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी : प्रवेश वेळेवर व्हावेत आणि सत्रापूर्वी शासनाने गणिताचे विनाशुल्क वर्ग मराठीतून चालवावेत. आणि दहावीचा निकाल लागताच गावोगावी पालकांजवळ बसून हा सहा वर्षांचा हिशेब मांडणे, हे काम आपल्या शाखांनी अंगावर घ्यावे.