घामाचा पैसा आणि लाभांशाचा पैसा
(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



फॉर्म सोळा वाटपाच्या दिवसांत आमच्या युनियन ऑफिसात एक पेट्रोलमन बंधू आले. रात्रभर रुळावर चालणारा माणूस. २०२१ साली आयआरएफसीचे शेअर विक्रीला आले, तेव्हा त्यांनी ते २६ रुपये भावाने घेतले होते. लाभांश बँकेत जमा होत होता, रक्कम चहापाण्याची. रिटर्नमध्ये तो दाखवला नाही, आणि मोबाइलवर सूचना आली. ते म्हणाले, "भाऊ, लाभांशावर कर नसतो ना? सगळे तर तसंच सांगतात."

सगळे सांगतात ते एके काळी खरे होते. म्हणून आज हा विषय घेतला.

१९९७ पूर्वी लाभांश हा घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जाई. १९९७ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिदंबरम यांनी तो भागधारकाच्या हातात करमुक्त केला आणि कंपनीवर १० टक्के लाभांश वितरण कर बसवला. शेअरबाजाराने त्या अर्थसंकल्पाला 'स्वप्नवत' म्हटले. २००२-०३ हे एक वर्ष सोडले तर ही पद्धत ३१ मार्च २०२० पर्यंत चालली. दर मात्र वर-खाली होत राहिला.

आता हिशेब पाहा. २०१८-१९ सालचा घेऊ. आमच्या एका गार्डसाहेबांचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या वर. त्यांनी १०,००० रुपयांचा ओव्हरटाइम केला. २० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २,०८० रुपये गेले. रात्रपाळी भत्ता, बोनस, सगळे असेच उत्पन्नात मिळवले जाते. त्याच वर्षी कोणाला १०,००० रुपये लाभांश मिळाला, तर त्याला रिटर्नमध्ये एक पैसाही भरावा लागला नाही.

मालकवर्गाचे वकील यावर म्हणतील, कर कंपनीने भरला होता. बरोबर आहे, ते लपवू नये. २०१८-१९ मध्ये १०० रुपये लाभांश वाटला की कंपनीला वर सुमारे साडेवीस रुपये सरकारात भरावे लागत. पण हे साडेवीस सर्वांना सारखेच, इथेच खरी मेख आहे. कोट्यधीशाला पगारावर अधिभार-उपकरासह ३५.८८ टक्के कर लागत होता, लाभांशामागे साडेवीस. २०१६ पासून दहा लाखांवरच्या लाभांशावर आणखी १० टक्के लावले, तेवढाच काय तो फरक. आणि ज्या निवृत्त गँगमनचे उत्पन्न कराच्या मर्यादेतच येत नव्हते, त्याच्या दहा शेअरमागेही तेच साडेवीस गेले. परतावा मागायची सोय नाही, कारण कर त्याच्या नावावर भरलेलाच नव्हता.

या काळात पगारदाराचे काय झाले? २००५ च्या अर्थसंकल्पाने प्रमाणित वजावट काढून घेतली. बँक-पोस्टाच्या व्याजावर ८०-एल खाली मिळणारी सूटही त्याच वेळी गेली. करमुक्त मर्यादा एक लाख केली, हे खरे. पण प्रमाणित वजावट परत यायला २०१८ उजाडले. तेरा वर्षे! पोस्टातल्या बंधूंनी आवर्ती ठेवीची पुस्तके भरून घेतली, त्या ठेवीचे व्याज करपात्र, आणि शेअरचा लाभांश करमुक्त. शिवाय २००४ ते २०१८ या काळात शेअर वर्षभर ठेवून बाजारात विकले तर त्या नफ्यावरही कर नव्हता.

१ एप्रिल २०२० पासून वितरण कर गेला आणि लाभांश पुन्हा घेणाऱ्याच्या उत्पन्नात आला. हे कामगारांच्या मागणीवरून झाले असे कोणी समजू नये. परदेशी गुंतवणूकदारांना या कराची वजावट त्यांच्या देशात मिळत नव्हती, ती ओरड मोठी होती. तरी तत्त्व आपल्या बाजूचे आहे: जास्त उत्पन्न त्याला जास्त दर. नफ्यावर दोनदा कर पडतो ही तक्रार आजही ऐकू येते. पण सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर सप्टेंबर २०१९ मध्येच ३० वरून २२ टक्क्यांवर आणला होता, हे ते सांगत नाहीत.

एक फट मात्र ठेवलीच. नव्या पद्धतीत दोन कोटींच्या वर पगार असेल तर अधिभार २५ टक्के, म्हणजे एकूण ३९ टक्के कर. लाभांश असेल तर अधिभार १५ टक्क्यांवर अडवला आहे, म्हणजे ३५.८८. घरी बसून आलेल्या पैशाला ही सवलत कशासाठी? आपल्यात दोन कोटीवाला कोणी नाही. पण सरकारला पैसा कमी पडला की नजर आपल्या वजावटींवर जाते, म्हणून हे आपले प्रकरण आहे.

आता त्या पेट्रोलमन बंधूंचे. आम्ही त्यांचे सुधारित रिटर्न भरून दिले. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो आणि लाभांश त्या १२ लाखांत धरला जातो. कर पडो न पडो, दाखवायचाच. एका कंपनीचा लाभांश वर्षात १०,००० रुपयांच्या वर गेला तर १० टक्के टीडीएस कापला जातो. तो परत हवा तर रिटर्न भरलेच पाहिजे. ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांनी फॉर्म सोळा, पासबुक आणि पोर्टलवरची वार्षिक माहिती घेऊन शाखेत यावे. अधिभाराच्या सवलतीविरुद्धचा ठराव आम्ही आजच्या सभेपुढे ठेवत आहोत. मसुदा आपल्या हातात आहे, दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीपूर्वी लेखी द्याव्यात.